मागचे दोन आकडे आणि एक सूर

शाळेच्या स्नेहसंमेलनात हमखास घडणारा प्रसंग. मुख्याध्यापक बोलायला उभे राहतात, माइक कर्ण्याच्या जरा जास्तच जवळ असतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. ती कोणी वाजवलेली नसते. कर्ण्यातला आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून बाहेर पडतो आणि पुन्हा माइकमध्ये शिरतो. बाहेर पडलेल्याचा काही भाग परत आत आणून सोडण्याच्या या फेऱ्याला फीडबॅक म्हणतात.

हा उपद्रव कामाला लावता येतो, हे १९१२ च्या सुमारास रेडिओच्या अभ्यासकांच्या ध्यानात आले. अमेरिकेत एडविन आर्मस्ट्राँग हा तेव्हा विद्यार्थी होता. निर्वात नळीतून बाहेर पडणारा संदेश थोडा परत आत दिला की तो कितीतरी पट वाढतो आणि आणखी दिला की नळी स्वतःच आंदोलने करू लागते, हे त्याने पाहिले. (या शोधाच्या हक्कावरून त्याचा ली डी फॉरेस्टशी चाललेला खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३४ मध्ये निकाल आर्मस्ट्राँगच्या विरुद्ध लागला. अनेक अभियंत्यांना तो आजही पटत नाही.)

अशा आंदोलकाची खरी अडचण वेगळीच असते. परत येणारा भाग किंचित कमी पडला तर सूर विझतो. किंचित जास्त झाला तर फुगत फुगत बेसूर होतो. विल्यम ह्यूलेटने १९३९ मध्ये यावर साधा उपाय केला. त्याने मंडलात एक लहानसा दिवा बसवला. सूर वाढला की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि सूर आपोआप आवरला जातो. असे आठ आंदोलक वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने ‘फँटेशिया’ चित्रपटासाठी विकत घेतले होते.

आता दिव्याऐवजी आकडे घेऊ. अंकीय टेलिफोन यंत्रणेत आवाज म्हणजे सेकंदाला ८००० मोजमापे. सूर हवा असेल तर सेकंदाला ८००० आकडे तयार झाले पाहिजेत. ते कोठून आणायचे?

फळ्यावर ० आणि १ लिहा. नियम एवढाच: शेवटच्या आकड्यातून त्याच्या आधीचा वजा करा. ०, १, १, ०, −१, −१, ०, १... सहा पायऱ्यांनी गाडी मूळ जागी येते. हेच आपले आंदोलन! आता नियमात थोडा बदल करू. शेवटच्या आकड्याला आधी एका ठरावीक गुणकाने गुणायचे आणि मग त्याच्या आधीचा वजा करायचा. गुणक १.४१४२ घेतला आणि ०, ७०७ अशी सुरुवात केली, तर जवळजवळ ०, ७०७, १०००, ७०७, ०, −७०७ असे आकडे येतात. आठ पायऱ्यांत एक फेरी, म्हणून सेकंदाला १००० आंदोलने. गुणक कसा ठरतो, हे अकरावीच्या विद्यार्थ्यांनी ओळखावे: साइन (अ+ब) + साइन (अ−ब) = २ × साइन अ × कोसाइन ब. दर पायरीचा कोन ‘ब’ असेल तर गुणक २ कोसाइन ब. येथे ब ४५ अंशांचा आहे.

अभियंते या नियमाला फीडबॅक फिल्टर म्हणतात. फिल्टर म्हणजे गाळणी. मग ती गाते कशी? याच फेऱ्यात बाहेरून येणारी मोजमापे मिळवत गेलो, तर त्यातला नेमका एक सूर तेवढा वाढत जातो, म्हणजेच तो निवडला जातो. जेराल्ड गर्ट्झेलने १९५८ मध्ये मांडलेली गणितपद्धत याच आवर्तनावर उभी आहे. टेलिफोनचे ५ चे बटण दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर निघतात. असे सूर ओळखायला पुढे हीच पद्धत वापरात आली. बाहेरून काही न देता नुसता एक धक्का दिला की गाळणीचा आंदोलक होतो.

मात्र आकड्यांच्या जगात ह्यूलेटचा दिवा नाही. मागचा आकडा पूर्ण वजा न करता त्याचे ०.९९ च वजा केले, तर दशांश सेकंदात सूर पन्नासाव्या हिश्श्याच्याही खाली जातो. गुणक १.४१४२ ऐवजी १.४ घेतला तर १००० चे सुमारे १०१३ हर्ट्झ होतात. खर्जाच्या सुरांची गोष्ट तर आणखी नाजूक. तेथे गुणक २ च्या इतका जवळ असतो, की ४९ आणि ५० हर्ट्झमधला फरक पाचव्या दशांश स्थळी दिसतो.

यावर उपाय म्हणजे आकडा न साठवता आकड्यांमधला फरक साठवायचा. आणि येथे आम्हाला इ. स. ४९९ मधल्या ‘आर्यभटीया’चे पान उघडावे लागते. आर्यभटाने ९० अंशांचे २४ भाग केले, प्रत्येक ३ अंश ४५ कलांचा. त्याने ज्यांमधले फरक दिले ते असे: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५... शेवटी २२ आणि ७. त्यांची बेरीज ३४३८, म्हणजे कलांमध्ये त्रिज्या. गणितपादातल्या एका श्लोकात हे फरक काढण्याची रीतही आहे. श्लोकाच्या अर्थावर मतभेद आहेत, पण एक मान्य अर्थ असा: आतापर्यंतच्या ज्येला २२५ ने भागा, भागाकार मागच्या फरकातून वजा करा, आणि हा नवा फरक ज्येत मिळवा. हा आपलाच फेरा आहे, फक्त मांडणी वेगळी.

म्हणून आर्यभटाने डिजिटल आंदोलक शोधला, असे कोणी भाषणात सांगितले तर टाळ्या वाजवू नयेत. त्याला सूर नको होता. ग्रहगणितासाठी कोष्टक हवे होते. पण पूर्णांकात घेण्याची चूक साठत जाते, हे दुखणे मात्र दोघांचे एकच. रीत सहाव्या फरकापर्यंत बरोबर चालते. सातव्याला १३१५ भागिले २२५ म्हणजे जवळजवळ ६. २१० मधून ६ गेले, उरले २०४. आर्यभटाच्या कोष्टकात तेथे २०५ आहे आणि खरे उत्तर २०४.९ आहे! नुसती ही रीत रेटून कोष्टक झालेले नाही, हे उघड आहे.

खोट २२५ या भाजकातच आहे. अपूर्णांक सांभाळून चाललो तरी २४ व्या पायरीला ३४३८ ऐवजी सुमारे ३३७५ येतात, कारण फेरा थोडा जलद फिरतो. अभियंत्याच्या भाषेत वारंवारता चुकली. अचूक भाजक सुमारे २३३.५३ आहे. केरळच्या नीलकंठ सोमयाजीने १५०० च्या सुमाराच्या ‘तंत्रसंग्रहा’त २३३½ घेतला आहे.

हीच मांडणी पुन्हा भेटते ती अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, १९७२ च्या एका टिपणात. संगणकाच्या पडद्यावर वर्तुळ काढताना मार्विन मिन्स्की एक रजिस्टर वाचवू पाहत होता. त्यामुळे दुसऱ्या ओळीत जुन्या किमतीऐवजी नुकतीच काढलेली नवी किंमत वापरली गेली. ही चूक होती, असे टिपणातच म्हटले आहे. पण दोन्हीकडे जुन्या किमती घेतल्या तर बिंदू दर फेरीला बाहेर सरकत जातो. नवी घेतली की वक्र मिटतो. आर्यभटाच्या रीतीतही आधी फरक बदलतो आणि नवा फरकच ज्येत मिळवला जातो.

वर्गात दोन गट करावेत. एकाने २२५ ने, दुसऱ्याने २३३½ ने भागत, दोन दशांश स्थळे सांभाळून २४ पायऱ्या कराव्यात. दुसऱ्या गटाचे उत्तर ३४४० च्या आसपास येईल. उरलेल्या दोन कलांचे कारण पहिल्या ज्येत आहे: नीलकंठाने ती २२५ नव्हे, २२४ कला ५० विकला धरली होती.