नॉर्डिक : जुन्या गोळीची कसोटी

कवटीतला दाब वाढतो, डोकं ठणकतं, डोळ्यांच्या नसा सुजतात आणि नजर कडेकडेनं जाऊ लागते. स्कॅनमध्ये मात्र गाठ नसते. इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन या आजाराचे बहुतेक रुग्ण म्हणजे वजन वाढलेल्या तरुण स्त्रिया. त्यांना डॉक्टर वर्षानुवर्षं ॲसिटाझोलामाइड देत आले; लडाखला जाणारे आपले ट्रेकर घेतात तीच ही डायमॉक्स. पण ती खरंच गुण देते याचा भक्कम पुरावा नव्हता.

आजार विरळा, त्यामुळे एकट्यादुकट्या रुग्णालयाला हे काम झेपणारं नव्हतं. उत्तर अमेरिकेतले नेत्र-मज्जाविकारतज्ज्ञ ‘नॉर्डिक’ या गटात एकत्र आले. २०१० साली आयोवा विद्यापीठाचे डॉ. मायकेल वॉल यांच्या नेतृत्वाखाली चाचणी सुरू झाली : ३८ केंद्रं, १६५ रुग्ण, त्यांत पुरुष अवघे ४. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी औषधाविना गोळी. कमी मिठाचा आहार आणि वजन उतरवण्यासाठी मदत मात्र सगळ्यांना. उपचारांवाचून कुणालाच ठेवलं नाही, ही मला या चाचणीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

नजरेची तपासणी चिकाटीची. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात मधल्या ठिपक्यावर नजर रोखायची आणि कडेला बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. गोळीचा डोस रोज ४ ग्रॅमपर्यंत चढवत नेला. हातापायांना मुंग्या येत, तोंडाची चव जाई.

२०१४ साली निष्कर्ष आला. सहा महिन्यांत गोळीवाल्यांची नजर १.४३ डेसिबल (या तपासणीतलं नजरेचं माप) सुधारली, इतरांची ०.७१. फरक लहान, पण नजर ढासळून उपचार निष्फळ ठरलेल्या ७ जणांपैकी ६ जण औषधाविना गोळी घेणारे होते. अर्थात, हे सगळे नजर थोडीच अधू झालेले रुग्ण.

नजर झपाट्यानं जात असेल तर दाब उतरवणारी नळी, म्हणजे शंट, बसवावा की नसेच्या आवरणाला छेद द्यावा? नॉर्डिकनं त्यासाठीही ‘साइट’ ही चाचणी आखली. पुरेसे रुग्ण मिळेनात, म्हणून ती मध्येच थांबली. तो प्रश्न अजून सुटायचा आहे. दरम्यान, २०२१ साली ब्रिटनमधल्या ६६ स्त्रियांच्या अभ्यासात वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनं दाब अधिक उतरल्याचं दिसलं.

सततच्या डोकेदुखीसोबत वाकताना क्षणभर अंधारी येत असेल, कानात नाडीचे ठोके ऐकू येत असतील, तर केवळ चष्म्याचा नंबर काढून थांबू नका; बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांचा पडदा लगेच तपासून घ्या.