शहाबादी फरशी : पायाखालचा समुद्र

चाकणचा इतिहास म्हटला की आपण १६६० चा संग्रामदुर्गाचा वेढा सांगतो. पिंपरीचा म्हटला की १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. आज आम्ही जरा खालून, अगदी पायाखालून सुरुवात करणार आहोत. इथल्या जुन्या चाळींत, कामगारांच्या खोल्यांत, जिन्यावर, ओट्यावर दिसणारी करडी शहाबादी फरशी इथली नाही.

इथला दगड काळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. शहाबादी हा चुनखडक. आजच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी भागात एके काळी उथळ समुद्र होता. त्याच्या पसरट तळावर चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसला, मधूनमधून मातीचा पापुद्रा आला. त्या पापुद्र्यापाशी दगड सुटतो, म्हणून पहार घालून सपाट लादी उचलता येते. तिच्यात शिंपले शोधू नका. शिंपल्यांचे प्राणी जन्मण्याआधीचा, ५४ कोटी वर्षांहून जुना खडक आहे तो. पण चुना तो चुनाच. लिंबू सांडलं की फरशीवर पांढुरका डाग उठतो, हे घरोघरी ठाऊक आहे.

रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ मध्ये या खडकांचं वर्णन प्रसिद्ध केलं. भूशास्त्रात त्यांना नाव आहे भीमेचं. तीच भीमा, जी भीमाशंकरला उगम पावून आपल्या खेड तालुक्यातून वाहते. पवना-इंद्रायणीचं पाणीही शेवटी तिलाच मिळतं. १८७१ मध्ये जीआयपी रेल्वे रायचूरला पोचली आणि शहाबाद पुण्या-मुंबईच्या रुळांना जोडलं गेलं. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं. १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेलं.

हे आता का सांगायचं? कारखान्यांच्या या पट्ट्यात 'स्थानिक कोण, बाहेरचा कोण' हा वाद नोकरी देताना निघतो, खोली भाड्याने देतानाही निघतो. ज्यांच्या जमिनी कारखान्यांखाली गेल्या त्यांचं दुःख खरं आहे, ते बाजूला सारून चालणार नाही. पण 'स्थानिक' शब्दाचा अर्थ तपासायला हवा. कलबुर्गीकडून आलेला माणूस ज्या खोलीत बाहेरचा ठरतो, तिथली फरशीही तिकडूनच आलेली असते. तिला आपण कधीच आपली म्हणू लागलो. माणसाला तेवढं म्हणायला आपल्याला इतका वेळ का लागतो, याचा विचार करा.

आणि घरी फरशी उपटून टाइल्स बसवणार असाल, तर एक लादी उभी धरून तिची कड बघा. थर दिसतील. पुढच्या व्याख्यानात याच चुन्याच्या दुसऱ्या रूपाकडे, सिमेंटकडे वळू.