ग्रंथपालाच्या हाती आज्ञावली

श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले आणि १९११ साली तेथे ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. पुस्तके राखणे हे एखाद्या विश्वासू कारकुनाचे काम होय, अशी सर्वसाधारण समजूत असलेल्या त्या काळी हे काम शिकावे लागते ही कल्पनाच नवी होती. वर्गीकरण व तालिका हा त्या शिक्षणाचा गाभा. पुढे पाऊणशे वर्षांनी ग्रंथपालास आणखी एक विद्या शिकावी लागली, ती संगणकास आज्ञा देण्याची. ही विद्या परक्या घरची वाटली, तरी तिचे मूळ तालिकेतच होते.

आरंभ मात्र उलट दिशेने झाला. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये १९६५ साली हेन्रिएट ॲव्हरम या विदुषी रुजू झाल्या. त्यांच्यापाशी ग्रंथालयशास्त्राची पदवी नव्हती. त्या आज्ञावली लिहिणाऱ्या होत्या आणि तालिकापत्राचे शास्त्र त्यांना येथे येऊन शिकावे लागले. त्यांच्या ध्यानी आले की तालिकापत्रात दिसते त्याहून अधिक दडलेले असते. ‘टिळक, बाळ गंगाधर. श्रीमद्भगवद्गीतारहस्य. पुणे, १९१५’ एवढे वाचताच यांत ग्रंथकार कोण, ग्रंथनाम कोणते आणि गाव कोणते हे वाचकास उमगते. यंत्रास काहीच उमगत नाही. म्हणून प्रत्येक भागाला क्रमांक दिला गेला : ग्रंथकारास १००, ग्रंथनामास २४५. ‘मार्क’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीच्या चुंबकीय फिती १९६९ पासून इतर ग्रंथालयांकडे जाऊ लागल्या आणि १९७३ साली तिच्या बाह्य रचनेस आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप आले.

हे सारे खोलीभर पसरलेल्या यंत्रांचे वैभव होते. वर्गणीवर चालणाऱ्या ग्रंथालयास त्याचा उपयोग काय? तो मार्ग १९८५ च्या अखेरीस मोकळा झाला. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत मोठ्या संगणकासाठी रचलेल्या ‘आयसिस’ या प्रणालीपासून युनेस्कोने लहान संगणकावर चालणारी ‘सीडीएस-आयसिस’ ही प्रणाली सिद्ध केली आणि ना-नफा संस्थांना ती विनामूल्य दिली. भारतात तिच्या वितरणाचे व प्रशिक्षणाचे काम ‘निसॅट’ या केंद्र सरकारच्या योजनेने केले. वर्गीकरणाचे अंक मुखोद्गत असलेले ग्रंथपाल या शिबिरांतून प्रथमच कळफलकासमोर बसले.

ही प्रणाली तयार जेवणाचे ताट नव्हती. शिधा होता, स्वयंपाक ज्याचा त्याने करावयाचा. नोंदीत कोणते भाग असावेत, त्यांपैकी कशाची सूची व्हावी, पडद्यावर व कागदावर नोंद कशी उमटावी, हे सारे ग्रंथपालाने ठरवून एका आटोपशीर सांकेतिक भाषेत लिहावयाचे. सहलेखक असेल तरच त्याचे नाव छापावे, नसेल तर स्वल्पविरामही येऊ नये, अशी आज्ञा त्या भाषेत देता येई. तालिकेचे नियम पाळणाऱ्यास यात नवे एवढेच होते की पूर्वी हा नियम त्याचा हात पाळीत असे. आता तो शब्दांत मांडावा लागे, आणि मांडणी एका चिन्हाने चुकली तर यंत्र अडून बसे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘पास्कल’ या भाषेची जोड मिळाली. निकलाउस विर्थ यांनी ती मुळात विद्यार्थ्यांना आज्ञावली लिहिण्याची शिस्त लागावी म्हणून रचली होती, आणि उशिरा विद्यार्थी झालेल्या ग्रंथपालांच्याही ती उपयोगी पडावी हा योग मोठा गमतीचा. याच जोडीच्या बळावर ‘डेसिडॉक’ या संस्थेने देवघेवीसह ग्रंथालयाची नित्याची कामे करणारी ‘संजय’ ही प्रणाली निसॅटसाठी घडविली.

मराठी ग्रंथसंग्रहाची खरी कसोटी लिपीपाशी लागली. देवनागरीची सोय नाही म्हणून अनेक ठिकाणी मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत केल्या गेल्या. चिन्हविरहित रोमन लिपीत ‘काळ’ आणि ‘काल’ यांत भेद उरत नाही. शिवरामपंत परांजपे यांचे पत्र शोधणाऱ्याच्या हाती कोणते पान लागेल, याचा नेम नाही. पुढे पुण्याच्या ‘सी-डॅक’ची ‘जिस्ट’ योजना आली, १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक ठरले आणि देवनागरी पडद्यावर उमटली. अडचणी तेथे संपल्या नाहीत. सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच संकेतक्रम ठरविल्यामुळे त्यात ‘ळ’चे स्थान ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये आले. मराठी मूल तो ‘ह’नंतर शिकते. परिणामी यंत्राने लावलेल्या यादीत ‘काळ’ आधी व ‘काव्य’ नंतर. ‘ज्ञ’ हे यंत्राच्या लेखी ‘ज’, हलन्त आणि ‘ञ’ असल्याने ज्ञानेश्वरी ‘ज’च्या रांगेत, ‘झ’च्या अलीकडे जाऊन बसली. सूचीतील शोधपदास तीस चिन्हांची मर्यादा होती. ‘महाराष्ट्र’ या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, यंत्र मात्र दहा चिन्हे मोजते. म्हणजे असे तीन शब्द झाले की जागा संपली.

हे दोष परगावच्या विक्रेत्यास सांगून दूर होण्यासारखे नव्हते, कारण त्याला ते दोष वाटतच नसत. वर्णक्रमाचा स्वतःचा तक्ता रचून त्याबरहुकूम यादी लावणारी चार ओळींची आज्ञावली ज्याला लिहिता आली, त्याच्या यादीत ‘ळ’ आपल्या जागी परतला. प्रशिक्षणाचे मोल येथे दिसते. ज्याला ते मिळाले नाही त्याने यंत्राचा क्रम मुकाट्याने मान्य केला आणि ‘पुस्तक नाही’ असे वाचकास सांगितले.

तयार प्रणाली विकत घेणाऱ्यांपुढे निराळाच पेच उभा राही. विकणारी संस्था बंद पडली, की वर्षानुवर्षे भरलेल्या नोंदी तिच्याच सांकेतिक कुलपात अडकून पडत. या दृष्टीने न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील सार्वजनिक ग्रंथालय संस्थेने जे केले ते महत्त्वाचे होय. २००० साल ओलांडणे आपल्या जुन्या प्रणालीस साधणार नाही हे दिसताच या संस्थेने १९९९ साली नवी प्रणाली लिहवून घेतली आणि तिची मूळ आज्ञावली जगाला खुली केली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत त्याचा अर्थ देणगी. हैदराबादेत घडलेली ‘न्यूजेनलिब’ ही प्रणालीही २००८ साली अशीच मुक्त झाली. मूळ आज्ञावली हाती आली, तरी ती वाचता येणारा माणूस ग्रंथालयात असावा लागतो, ही गोष्ट वेगळी.

आणि त्या माणसाने ग्रंथही वाचलेले असावे लागतात. नाटककार राम गणेश गडकरी, कवी गोविंदाग्रज आणि विनोदकार बाळकराम हे तिघे एकच, हे कोणतेही यंत्र आपणहून जाणत नाही. समानार्थी पदांचे गट बांधून ठेवण्याची सोय सीडीएस-आयसिसमध्ये होती; गटात कोणाला घ्यावयाचे ते ग्रंथपालाने सांगावयाचे. तालिकापत्रांच्या काळात हेच काम ‘पाहा’ असा निर्देश देणारी पत्रे करीत. जेथे लाकडी खणांतील ती जुनी पत्रे जपून ठेवली गेली, तेथे असे गट बांधण्याचे काम आयतेच झाले. जेथे ती रद्दीत गेली, तेथे बाळकराम कोण, हे आधी कोणास तरी विचारावे लागले.