डोळे, हात आणि उलटें जग

डोळे उघडले कीं दिसतें. त्यांत शिकावयाचें तें काय, असा प्रश्न श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत येईल. चालणें, लिहिणें, पोहणें हीं शिकावीं लागतात, पण पाहणें जन्मतःच येतें, अशी आपली समजूत. ही समजूत कितपत खरी, याचा शोध विद्वानांनीं तीनशें वर्षांहून अधिक काळ घेतला, आणि त्याचा एक महत्त्वाचा निकाल आपल्या दिल्ली शहरांतील मुलांच्या डोळ्यांनीं लागला. त्या शोधाची हकीकत आज सांगावयाची आहे.

१६८८ सालीं डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यानें तत्त्वज्ञ जॉन लॉक यास एक कोडें लिहून पाठविलें. एक जन्मांध मनुष्य आहे. गोल कोणता व घन कोणता हें तो हाताने चांचपून ओळखतो. त्याला एकाएकीं दृष्टि आली, तर हात न लावतां, नुसतें पाहून, त्याला तें सांगतां येईल काय? मॉलिन्यूची पत्नी विवाहानंतर लवकरच अंध झाली होती. तेव्हां हें कोडें त्याला केवळ वादाच्या हौसेनें सुचलें असेल, असें मला वाटत नाहीं. त्याचें स्वतःचें उत्तर ‘नाहीं’ असें होतें, आणि लॉकनें आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तींत तें मान्य केलें. पुढें १७२८ मध्यें लंडनच्या चेसल्डन नांवाच्या शस्त्रवैद्यानें मोतीबिंदु काढलेल्या एका मुलाची हकीकत छापली. त्या मुलाला प्रत्येक वस्तु आपल्या डोळ्यांनाच चिकटली आहे असें वाटे, आणि मांजर कोणतें व कुत्रें कोणतें हें त्याच्या ध्यानांत राहीना. शेवटीं त्यानें मांजराला धरून चांचपलें व मग त्याच्याकडे निरखून पाहिलें.

अशीं माणसें विरळाच मिळणार. म्हणून जर्मनींत उलटी युक्ति निघाली: डोळस मनुष्याचीच दृष्टि बिघडवून पाहावी. हेल्महोल्ट्झ यानें १८६७ सालीं वर्णिलेला प्रयोग अगदीं साधा आहे. वस्तू एका बाजूस सरकलेल्या दिसतील असे लोलक डोळ्यांपुढें धरावे, समोरची वस्तु पाहून डोळे मिटावे आणि हात पुढें करावा. हात चुकतो. परंतु लोलकांतून आपल्याच हाताकडे थोडा वेळ पाहिलें, कीं तो बिनचूक जाऊं लागतो. खरी मौज पुढेंच आहे. लोलक काढले कीं हात पुन्हां चुकतो, पण या वेळीं विरुद्ध बाजूस!

कॅलिफोर्नियांतील जॉर्ज स्ट्रॅटन यानें तर कमालच केली. आपल्या नेत्रपटलावर जगाचें चित्र उलटें पडतें, हें केप्लरनें १६०४ मध्यें दाखविलें होतें. मग तें उलटें पडल्यावांचून जग सुलटें दिसणारच नाहीं काय? स्ट्रॅटननें एक डोळा झांकला आणि दुसऱ्यावर भिंगांची अशी नळी बांधली कीं वरचें खालीं व डावें उजवीकडे दिसावें. १८९७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आठ दिवस मिळून ८७ तास त्यानें ही नळी वागविली. रात्रीं डोळे बांधून निजे. पहिल्या दिवसांत त्याला मळमळे, हात नको त्या बाजूस जाई. पुढें तो घरांत न अडखळतां फिरूं लागला, आणि हालचाल करीत असतां डोळ्यांची साक्ष व हाताची साक्ष पुष्कळदां जुळे. नळी काढली तेव्हां जग उलटें दिसलें नाहीं; पण कित्येक तास सगळें चमत्कारिक वाटत राहिलें.

पुढें ऑस्ट्रियांतील इन्सब्रूक येथें एरिस्मान व कोहलर यांनीं असे उलटे चष्मे घालून लोकांना सायकलीवरही बसविलें. या प्रयोगांवरून ‘शेवटीं जग सुलटें दिसूं लागतें’ अशी समजूत पसरली. ती सरसकट खरी मानतां येत नाहीं. १९९९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जर्मनींतील काळजीपूर्वक तपासणींत असें दिसलें कीं, माणसें सफाईनें वावरूं लागतात, पण चित्र उलटेंच राहतें. जो शिकतो तो हात.

मग हाताला शिकवितो कोण? नुसतें पाहणें कीं स्वतः हालणें? १९६३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड हेल्ड व अ‍ॅलन हाइन यांनीं मांजरीच्या पिलांच्या जोड्या घेतल्या. पिलें अंधारांत वाढविलेलीं. दिवसाचे तीन तास एका आडव्या दांड्याच्या दोन टोकांना दोघांना जखडीत. एक स्वतःच्या पायांनीं चाले. दुसरें छोट्या पाळण्यांत बसून त्याच्याच चालण्यानें फिरे. दोघांच्या दृष्टीस पडे तें एकच. तरीही चालणारें पिलूं कांचेखालचा खोल भाग पाहून उथळ बाजूकडे वळे. पाळण्यांतलें खुशाल कोठेंही जाई. मोकळें सोडल्यावर मात्र दोन दिवसांत तेंही सुधारलें.

मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरविणारे पालक मास्तरकीच्या काळांत मीं पुष्कळ पाहिले. हात मुलाचा, हालचाल बापाची. पिलांवरून मुलांविषयीं निकाल देणें बरें नव्हे. तरी हा प्रयोग वाचला तेव्हां मला त्या पाट्या आठवल्या.

आतां दिल्ली. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांतील प्राध्यापक पवन सिन्हा यांनीं ‘प्रकाश’ या नांवानें येथें कार्य सुरू केलें. जन्मतः मोतीबिंदु असलेलीं आणि उपचारावांचून वाढलेलीं गरीब मुलें शोधावयाचीं व त्यांच्यावर शस्त्रक्रिया करवावयाची. मूल मोठें झाल्यावर आतां उपयोग नाहीं, असें म्हणून अशीं मुलें परत पाठविलीं जात. आठ ते सतरा वर्षांच्या पांच जणांना शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आंत मॉलिन्यूचेंच कोडें घातलें गेलें. पाहिलेली वस्तु पाहून ओळखणें त्यांना जमलें, चांचपलेली चांचपून जमली. पण चांचपलेली वस्तु नुसती पाहून ओळखणें जवळजवळ नशिबावरच राहिलें. मॉलिन्यूचें ‘नाहीं’ खरें ठरलें. परंतु पुढील कांहीं दिवसांतच, एकाला तर पांचच दिवसांत, तें जमूं लागलें. आणि त्यासाठीं कोणी त्यांना शिकवणी दिली नव्हती.

हा निबंध २०११ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्यावर पहिलें नांव रिचर्ड हेल्ड यांचें आहे. त्याच्या ४८ वर्षें आधीं पिलांचा पाळणा फिरविणारे तेच हे गृहस्थ, तेव्हां नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. या मुलांची नजर तीक्ष्ण होत नाहीं, बारीक अक्षर त्यांना जड जातें. आरंभीं तर एकमेकांवर पडलेल्या वस्तू त्यांना रंगांच्या तुकड्यांसारख्या दिसतात. पण त्यांतली एखादी हलूं लागली, कीं ती त्यांना चटकन् वेगळी ओळखूं येते.