मधमाश्यांवरील परजीवी कोळ्यांचे हिवाळी नियंत्रण

मधमाश्यांवरील परजीवी कोळ्यांचे हिवाळी नियंत्रण म्हणजे मधपेटीतील वसाहतीत कोळ्यांचे प्रमाण हिवाळ्यात नियमितपणे मोजणे आणि ते मर्यादेपलीकडे गेल्यास उपचार करणे होय. मराठवाड्यातील नांदेड व लातूर जिल्ह्यांत हिवाळा हाच फुलोऱ्याचा काळ असल्याने येथील पद्धत थंड देशांतील पद्धतीहून वेगळी ठरते.

कोळ्यांच्या जाती

पाळीव मधमाश्यांवर मुख्यतः दोन प्रकारचे कोळी आढळतात. व्हरोआ हा मूळचा सातेरी व तिच्या जवळच्या आशियाई माश्यांवरील परजीवी आहे. सातेरी माश्या एकमेकींच्या अंगावरील कोळी काढून टाकतात. शिवाय तिच्या वसाहतीत त्याची वाढ प्रायः नरांच्या पिलाव्यापुरतीच मर्यादित राहते. युरोपीय मेलिफेरा माशीत मात्र तो कामकरी माश्यांच्या पिलाव्यातही वाढतो. १९६०च्या दशकात ही माशी भारतात यशस्वीपणे रुजली. 'व्हरोआ डिस्ट्रक्टर' ही स्वतंत्र जाती असल्याचे २००० साली स्पष्ट झाले. दुसरा, ट्रॉपिलेलॅप्स, हा आग्या माशीवरून आला आहे. व्हरोआमुळे पंख विकृत करणाऱ्या विषाणूचा प्रसार होतो.

मराठवाड्यातील हिवाळा

थंड देशांत हिवाळ्यात राणीमाशी अंडी घालणे थांबवते. पिलावा नसल्याने सर्व कोळी प्रौढ माश्यांच्या अंगावर येतात आणि एका उपचारात बहुतांश मरतात. मराठवाड्यात तूर, करडई, सूर्यफूल व कोथिंबीर यांच्या फुलोऱ्यामुळे पिलावा चालूच राहतो आणि बंद घरांत कोळ्यांची वाढही होते. फेब्रुवारीनंतर फुले कमी होऊन पिलावा घटतो, तेव्हा वाढलेले कोळी थोड्या पिलाव्यावर एकवटतात व वसाहत झपाट्याने खचते.

तपासणी

पिलाव्याच्या चौकटीवरील सुमारे ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घेऊन त्यांवर दोन चमचे पिठीसाखर टाकतात. राणी त्यात नसल्याची आधी खात्री करतात. बरणी हळूहळू फिरवून नंतर उलटी हलवल्यास कोळी खाली पडतात. ३०० माश्यांमागे ९ कोळी म्हणजे प्रमाण ३ टक्के. सर्वसाधारणपणे २ ते ३ टक्क्यांपुढे उपचार आवश्यक मानतात. ट्रॉपिलेलॅप्स प्रौढ माश्यांवर फार काळ राहत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी बंद घरे उघडून पाहावी लागतात.

उपचार

फॉर्मिक आम्लाची वाफ बंद घरांतील कोळ्यांपर्यंत पोहोचते. मात्र दिवसाचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यास राणी व पिलाव्याला धोका असतो. लातूर-नांदेडमध्ये हिवाळ्यातही दुपारचे तापमान या मर्यादेजवळ जाते, म्हणून थंड आठवडा निवडणे हिताचे ठरते. ऑक्झॅलिक आम्ल बंद घरांत शिरत नाही. पिलावा असताना त्याचा एकच उपचार अपुरा पडतो. राणीला सुमारे २४ दिवस पिंजऱ्यात ठेवल्यास सर्व पिलावा बाहेर पडतो. या खंडात ट्रॉपिलेलॅप्स उपासमारीने मरतो, तर व्हरोआवर ऑक्झॅलिक आम्ल प्रभावी ठरते. परंतु ऐन करडईच्या फुलोऱ्यापूर्वी असा खंड पाडल्यास कामकरी माश्या घटतात आणि परागीभवन व मध या दोहोंचे नुकसान होते.

दक्षता

रासायनिक उपचार मधकोठी चढवण्यापूर्वी किंवा मध काढल्यानंतर करतात, अन्यथा मधात अंश उतरतात. आम्ले हाताळताना हातमोजे व चष्मा वापरणे आवश्यक आहे. उपचारानंतर पुन्हा मोजणी केल्याशिवाय परिणाम कळत नाही. एकाच परिसरातील सर्व पेट्यांवर एकाच वेळी उपचार करणे इष्ट असते, कारण भरकटलेल्या व लूट करणाऱ्या माश्यांबरोबर कोळी एका पेटीतून दुसरीत जातात.