स्कूबा डायव्हिंग : सुरक्षा व साधनांची तपासणी

स्कूबा डायव्हिंग म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधील दाबाखालची हवा श्वासासाठी वापरून पाण्याखाली वावरण्याची पद्धत. झाक कूस्तो व एमिल गान्यां यांनी 1943 मध्ये फ्रान्समध्ये ‘ॲक्वालंग’ हे उपकरण बनवल्यावर तिचा प्रसार झाला. महाराष्ट्रात तिचे मुख्य केंद्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण-तारकर्ली हा किनारा होय. येथील सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने डायव्हिंग बंद असते.

विहिरीतले पोहणे आणि स्कूबा : भांडगाव (ता. दौंड), शिरूर अशा घाटावरील गावांत पोहणे शिकले जाते ते विहिरीत, कालव्यात, भीमा किंवा घोडनदीच्या पात्रात. तिथे बुडी मारताना दम धरायचा असतो. स्कूबात नेमके उलट करावे लागते : श्वास कधीही रोखायचा नाही. समुद्रात दर 10 मीटर खोलीमागे सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. 10 मीटर खोलीवर भरून घेतलेला श्वास कोंडून वर आल्यास फुप्फुसातील हवा पृष्ठभागापाशी दुप्पट जागा मागते. त्यामुळे फुप्फुस फाटू शकते, हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. अवघ्या काही मीटरांवरूनही हे घडू शकते. म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यानेही हा नियम नव्याने अंगवळणी पाडला पाहिजे.

उतरण्यापूर्वीची तपासणी : ही तपासणी दोन साथीदारांनी एकमेकांची करायची असते. तिचा क्रम सहसा पुढीलप्रमाणे असतो.

(1) तरंगण्याचे जॅकेट : हवा भरण्याचे व सोडण्याचे बटण दाबून पाहावे. जॅकेट पूर्ण फुगवल्यावर ते फुगलेले राहते ना, हे पाहावे.

(2) वजने : पट्टा नीट बसलेला हवा आणि संकटात एका हाताने सोडता आला पाहिजे.

(3) बकले व पट्टे : सिलिंडरचा पट्टा घट्ट असावा. साथीदाराच्या जॅकेटची बकले कुठे व कशी सुटतात हे माहीत असावे.

(4) हवा : सिलिंडरची झडप पूर्ण उघडावी. दाबमापकाकडे पाहत मुख्य रेग्युलेटरमधून काही श्वास घ्यावेत. श्वासागणिक काटा खाली झुकत असेल, तर झडप अर्धवट उघडी असण्याची शक्यता असते. राखीव रेग्युलेटरमधूनही श्वास घेऊन पाहावा. हवेला धुराचा किंवा तेलाचा वास आल्यास ते सिलिंडर नाकारावे. मात्र कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. त्यामुळे हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचे तोंड इंजिनाच्या धुरापासून दूर असणे अत्यावश्यक आहे.

(5) अखेरची नजर : मास्क, फिन्स, लोंबणाऱ्या नळ्या, ओ-रिंगपाशी निघणारे बुडबुडे.

सिलिंडरच्या खांद्यावर दाबचाचणीची तारीख कोरलेली असते, ती वाचावी. भारतात गॅस सिलिंडर नियम, 2016 यांची अंमलबजावणी नागपुरात मुख्यालय असलेली पेसो ही केंद्रीय संस्था करते.

हवेचा हिशेब : 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने सुमारे 2,400 लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागणाऱ्या व्यक्तीस 20 मीटर खोलीवर तिप्पट, म्हणजे 60 लिटर लागते. 50 बार राखीव ठेवल्यास तिला तिथे फार तर 30 मिनिटे मिळतात. घाबरल्यास श्वास वाढतो आणि हा वेळ आणखी घटतो.

नवख्यांसाठी : प्रशिक्षकासोबतची पहिली बुडी उथळ पाण्यात असते. तीतही काही गोष्टी स्वतः जाणून घ्याव्यात. उतरायला लागल्यापासूनच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे आणि कानांवरचा दाब सारखा करावा. कान दुखल्यास थोडे वर यावे. अंगठा वर करण्याचा पाण्याखालचा अर्थ ‘वर चला’ असा आहे. सर्व ठीक असल्यास अंगठा व तर्जनीचे वर्तुळ दाखवतात. दमा, हृदयविकार, कानाचे विकार किंवा गर्भारपण लपवू नये. सर्दी असताना किंवा मद्य घेऊन उतरू नये. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटरांहून अधिक नसावा. खोल बुडीनंतर 5 मीटरांवर 3 मिनिटे थांबण्याची पद्धत आहे.

बोटीवर : 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. म्हणून बोटीची क्षमता, प्रत्येकाच्या अंगावरील लाइफ जॅकेट आणि बोटीवरील ऑक्सिजन यांची चौकशी हाही तपासणीचाच भाग मानावा.

घाटमाथ्यावर परतताना : पाण्याखाली शरीरात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. लगेच उंचावर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, बधिरता किंवा लकवा असा विकार उद्‌भवू शकतो. सुमारे 600 मीटरांहून उंच जाण्यापूर्वी एका बुडीनंतर 12 तास, तर अनेक बुड्यांनंतर 18 तास थांबावे, असे प्रचलित मार्गदर्शन आहे. आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. त्यामुळे सकाळी अनेक बुड्या मारून दुपारी आंबोली घाट चढणे किंवा चिपी अथवा मोपा येथून विमान पकडणे टाळावे. लक्षणे दिसल्यास शुद्ध ऑक्सिजन द्यावा आणि दाबकक्षाची सोय असलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. मुंबईतील नौदलाचे अश्विनी रुग्णालय डायव्हिंगशी संबंधित वैद्यकासाठी ओळखले जाते.

नदी व धरणे : दौंड परिसरातील भीमेचे आणि उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी गढूळ असते. त्यात गाळ, झाडोरा व मासेमारीची जाळी असतात. गोड्या पाण्यात कमी वजने पुरतात. उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 497 मीटर आहे, तर 300 मीटरांहून अधिक उंचीवरील डायव्हिंगसाठी वेळेची कोष्टके बदलावी लागतात. अशा ठिकाणी बुडालेल्यांचे शोधकार्य प्रशिक्षित पथकांवरच सोपवावे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुणे जिल्ह्यातच, सुदुंबरे येथे आहे.

साधनांची तपासणी पाच मिनिटांत होते. ती करू न देणाऱ्या किंवा घाई करणाऱ्या चालकाबरोबर पैसे भरलेले असले तरी पाण्यात उतरू नये.