फ्यूचर व घटनाचक्र

संगणकाच्या आज्ञावलीत एखाद्या क्रियेचे फल हाती येण्यापूर्वीच त्या फलाच्या जागी वापरता येणाऱ्या वस्तूस ‘फ्यूचर’ म्हणतात. मुदती हुंडीप्रमाणे ती जवळ बाळगता येते, दुसऱ्याकडे सोपविता येते; मूल्य मात्र मागाहून मिळते. फरक इतकाच, की हिची मुदत आगाऊ ठाऊक नसते.

ही संकल्पना मूळची समांतर गणनेतील. डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांनी १९७६ मध्ये ‘प्रॉमिस’ हा शब्द सुचविला. ‘फ्यूचर’ ही संज्ञा हेन्री बेकर व कार्ल ह्यूइट यांच्या १९७७ च्या निबंधातील होय. ज्या फ्यूचरचे मूल्य आता कोणासच नको आहे, त्यासाठी चाललेली प्रक्रिया ओळखून थांबवावी कशी, हा त्या निबंधाचा मुख्य प्रश्न होता. रॉबर्ट हॉलस्टेड यांच्या मल्टिलिस्प भाषेत (१९८५) तयार नसलेल्या मूल्याची गरज पडताच गणना आपोआप थांबून राही. बार्बरा लिस्कोव्ह व ल्यूबा श्रीरा यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या प्रॉमिसमध्ये मूल्य मागणे ही स्वतंत्र क्रिया झाली आणि दूरच्या यंत्रावर उद्‌भवलेली चूकही त्याच वाटेने मागणाऱ्यापर्यंत पोहोचू लागली.

घटनाचक्राचा (इव्हेंट लूपचा) स्वभाव याहून वेगळा आहे. जाळ्यावरून आलेली माहिती, संपलेली कालमर्यादा अशा घटनांची वाट पाहून प्रत्येकीस नेमलेले काम ते पाळीपाळीने चालविते. एकाच थ्रेडवर हजारो जोडण्या सांभाळता येतात, हा त्याचा लाभ. पण एक काम अडले की सर्वच अडतात. येथे फ्यूचरच्या मूल्यासाठी खोळंबणे म्हणजे जे चक्र ते मूल्य आणून देणार त्यालाच रोखणे होय. म्हणून मार्क मिलर व सहकाऱ्यांच्या ई भाषेने (१९९७) असे थांबणे सर्वस्वी वर्ज्य केले. फ्यूचरच्या इतिहासातील खरे वळण हेच म्हणावे लागेल. नाव तेच राहिले, व्यवहार पालटला.

पायथन भाषेत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. ३.२ आवृत्तीतील (२०११) थ्रेडांसाठीच्या फ्यूचरचे फल मागितल्यास मागणारा थांबतो, ३.४ मधील (२०१४) असिंकआयओच्या फ्यूचरचे फल वेळेआधी मागितल्यास थेट त्रुटी उद्‌भवते. मूल्य ठरल्यावर त्यावर अवलंबून असलेली कामेही तत्क्षणी चालत नाहीत. ती चक्राच्या रांगेत लागतात. ३.५ आवृत्तीपासून (२०१५) ‘अवेट’ या शब्दाने फलन स्वतःस स्थगित करून ताबा चक्राकडे देते, त्यामुळे लेखन सरळ ओळीत राहते.

या सोयीने एक धोका झाकला जातो. ज्या फ्यूचरकडे कोणी वळून पाहत नाही, त्यातील चूकही मुकी राहते. स्मृतीतून ते काढून टाकताना असिंकआयओ तिची केवळ नोंद करते. शिवाय हे फ्यूचर आपल्या चक्राशी बांधलेले असते. दुसऱ्या थ्रेडने त्यात परस्पर मूल्य भरू नये. त्यासाठी चक्राच्या रांगेत सुरक्षितपणे काम टाकण्याची वेगळी योजना आहे.